फंकमध्ये लय पळते किंवा ग्रूव्ह बसत नाही : दोष नेमका कुठल्या घरात आहे?

तक्रार दोन तऱ्हेची असते. पहिली: गाणं ९६ बीपीएमला (मिनिटाला ९६ मात्रा) सुरू झालं आणि संपलं तेव्हा १०६ वर पोचलं होतं. दुसरी: म्हणून क्लिक (मेट्रोनोमचा ठोका) लावली, लय जागची हलली नाही, पण ग्रूव्ह, म्हणजे डोलायला लावणारी लयीची पकड, मेला. सगळे बरोबर वाजवतायत आणि तरी कुणाची मान डोलत नाही. पहिल्या तक्रारीत ड्रमरला बोल लागतात, दुसरी "फील नाही" म्हणून सोडून दिली जाते. दोन्हींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. मात्रेच्या आतल्या चार भागांबद्दल बँडचं एकमत नसतं, आणि त्यातले जे भाग रिकामे आहेत ते कुणीच मोजत नसतं.

फंक बहुधा ४/४ मध्ये असतं आणि त्याची जाळी मात्रेच्या चौथ्या भागाची. म्हणजे एका बारमध्ये (चार मात्रांच्या आवर्तनात) सोळा घरं. कुणी ती "वन-ई-अँड-अ" अशी मोजतं, कुणी "त-क-धि-मि" अशी. इथे दुसरी पद्धत वापरली आहे, कारण चारही अक्षरं तोंडात सारख्या वजनाने बसतात. "ई" आणि "अ" घाईत गिळले जातात आणि नेमकी तीच दोन घरं पुढे त्रास देतात. तर २-मि म्हणजे दुसऱ्या मात्रेचं शेवटचं घर, ४-धि म्हणजे चौथ्या मात्रेचा मध्य. एका घराची लांबी मिलिसेकंदांत हवी असेल तर १५,००० ला बीपीएमने भागा: ९६ ला १५६, १०० ला १५०, १२० ला १२५. पुढचे सगळे आकडे याच मापाने वाचायचे.

आधी मोजा, मग भांडा

फोन खोलीच्या मध्यावर ठेवून पूर्ण गाणं रेकॉर्ड करा. ड्रम्सच्या शेजारी ठेवू नका, नाहीतर बाकीच्यांचं काही ऐकू येत नाही आणि निकाल आधीच लागतो. मग आठ बार किती सेकंदांत झाले ते घड्याळावर घ्या. आठ बार म्हणजे ३२ मात्रा. १,९२० ला त्या सेकंदांनी भागलं की बीपीएम मिळतो. २० सेकंद लागले तर ९६, साडेअठरा लागले तर जवळजवळ १०४. चार बारवर मोजलंत तर बोट दाबण्यातली दशांश सेकंदाची चूकसुद्धा एक बीपीएमचा फरक दाखवते, म्हणून आठच घ्या. हे माप सुरुवातीला, प्रत्येक फिलच्या (ग्रूव्ह थांबवून ड्रमर भरतो त्या तुकड्याच्या) आधी आणि नंतर, ब्रेकनंतर आणि शेवटी, असं किमान सहा ठिकाणी हवं.

आकडे समोर आले की चित्र तीनपैकी एक निघतं. लय एखाद्या जागी उडी मारते; किंवा उडी कुठेच नाही, सगळीकडून थोडीथोडी सरकते; किंवा आकडे ठीक आहेत आणि तरी गाणं बसत नाही. तिघांचे उपाय वेगळे आहेत. पूर्ण गाण्यात दोन-तीन बीपीएमचा फरक असेल तर त्याच्या मागे लागू नका. तो ऐकणाऱ्याला कळत नाही, आणि कोरसला किंचित पुढे जाणं पुष्कळदा गाण्याच्या भल्याचंच असतं.

त्यानंतर एकच बार निवडा, तो सूर न बदलता निम्म्या वेगाने लूपवर लावा आणि दोन वाद्यं जिथे एकत्र पडायला हवीत तिथे "ट्र" असा दुहेरी ठोका कुठे येतो ते ऐका. या लेखातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच. दुहेरी ठोका फक्त क आणि मि वर येत असेल, त आणि धि स्वच्छ असतील, तर स्विंगचा (घरं लांब-आखूड वाजवण्याचा) घोळ आहे. सगळ्याच घरांवर सारखाच येत असेल तर कुणीतरी सबंध जाळीच पुढे-मागे धरून बसलंय, किंवा तारेत, हेडफोनमध्ये उशीर होतोय. फक्त समेवर (बारच्या पहिल्या मात्रेवर) येत असेल तर आधीची रिकामी जागा कुणीतरी कापली आहे. आणि कुठेच येत नसेल, तरी ग्रूव्ह निर्जीव, तर मामला जोराचा आणि सुरांच्या लांबीचा आहे.

लय उडी मारते तेव्हा

जागा जवळजवळ नेहमी फिल किंवा ब्रेकची असते. कारण साधं आहे. ग्रूव्ह चालू असताना हाय-हॅट (ड्रम्समधली पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी) सगळ्यांना घरं दाखवत असते. फिल सुरू झाला की हॅट थांबते आणि तेवढा वेळ बँडकडे मोजायला काहीच उरत नाही. ड्रमरचे हात सवयीच्या वेगाने जातात, शेवटची दोन-तीन घरं आखडतात आणि सम लवकर येते. समेवर सगळे त्याच्याबरोबर उतरतात, म्हणून चूक त्या क्षणी ऐकूही येत नाही. नवी लय मात्र तिथून पुढे कायम राहते.

उपाय तीन टप्प्यांत करा. डाव्या पायाने हॅट प्रत्येक त वर बंद करत राहायची, फिल कितीही भरगच्च असो. मग फिल एका घराने लहान करायचा: ४-धि वर संपवायचा आणि ४-मि मोकळं सोडायचं. शेवटचं घर मोकळं असलं की सम ओढायला हातच उरत नाही. हे दोन्ही बसलं की तीन बार ग्रूव्ह आणि एक बार फिल असा चौक ७० बीपीएमला लावून क्लिक फक्त पहिल्या मात्रेवर ठेवा आणि दर पाच मिनिटांनी चार-चार बीपीएमने वर जा. हळू लयीत फिल बसवणं कंटाळवाणं आहे, पण फिल पळतो तो हळू लयीतच सगळ्यात जास्त. वेगात तो लपतो.

पूर्ण बँडचा ब्रेक, म्हणजे दीड-दोन मात्रांची शांतता, याहूनही वाईट. शांततेत प्रत्येकाला वाटतं की आपण उशिरा येऊ, आणि सगळे मिळून लवकर येतात. इथे "मनात मोजा" हा सल्ला पुरत नाही, शरीराचं काहीतरी हलत असावं लागतं. ड्रमर आणि बेसिस्टची टाच प्रत्येक त वर पडू द्या. गिटारवाल्याचा उजवा हात थांबताच कामा नये: त आणि धि ला खाली, क आणि मि ला वर, तारांना स्पर्श न करता हवेत. हा नियम ब्रेकपुरता नाही, पूर्ण गाण्यासाठी आहे. हात थांबला की पुढचा सूर अंदाजाने येतो. की-बोर्डवर क्लॅव्हिनेटचा (तुटक, तारेसारख्या आवाजाच्या वाद्याचा) भाग वाजवणाऱ्याने डाव्या हाताची बोटं मांडीवर किंवा बंद सुरांवर चालू ठेवली की तेच काम होतं.

लय सरकते तेव्हा

समजा चार मिनिटांत ९६ चे १०४ झाले. ते साधारण शंभर बार. बारची लांबी २,५०० मिलिसेकंदांवरून सुमारे २,३०८ वर आली, म्हणजे दर बारला दोन मिलिसेकंद कमी. दोन मिलिसेकंद कुठल्याही कानाला कळत नाहीत. म्हणून "लक्ष देऊन वाजवा" हा उपाय इथे चालूच शकत नाही. लक्ष द्यायला समोर काही नसतं.

कोण ओढतंय ते वजाबाकीने शोधा. तोच ग्रूव्ह जोडीजोडीने दोन-दोन मिनिटं वाजवून रेकॉर्ड करा, क्लिक कुणाच्याच कानात नको: ड्रम्स आणि बेस, ड्रम्स आणि गिटार, ड्रम्स आणि की-बोर्ड, मग बेस आणि गिटार ड्रम्सशिवाय. वरच्या पद्धतीने मोजा. ज्याच्या हजेरीत लय सरकते तो सापडतो, आणि तो ड्रमरच असतो असं मुळीच नाही. खूपदा ती सोळा घरं भरणारी गिटार असते, जी प्रत्येक रिकाम्या जागेत एक जादा खरड घालते. बेसिस्टची वेगळी खोड: लांब सुरानंतरची विश्रांती थोडी कापायची. सूर वेळेवर सुरू होतो, पण पुढचा लवकर येतो.

सापडलेल्या माणसाला एकट्याने खंडित क्लिक लावून बसवा: चार बार क्लिक चालू, चार बार बंद. ९६ ला चार बार म्हणजे बरोबर दहा सेकंद. क्लिक परत येते तेव्हा तुम्ही एक पूर्ण घर, १५६ मिलिसेकंद, पुढे असाल तर तुमची लय फक्त दीड बीपीएमने जास्त होती. या सरावाचं मोल हेच की दीड बीपीएमची चूक एरवी दिसत नाही, इथे ती ढोबळ ऐकू येते. अर्ध्या घराच्या आत परतता आलं की आठ बार बंद करा.

क्लिकची जागा बदलणं हाही तितकाच कडक सराव आहे. आधी ती २ आणि ४ वर ठेवा. ९६ च्या गाण्यासाठी मेट्रोनोम ४८ वर लावला की झालं. मग प्रत्येक मात्रेच्या धि वर. मग फक्त मि वर. मि वरची क्लिक पहिल्या दिवशी दोन बारसुद्धा टिकत नाही, कान तिला ओढून त करून टाकतो. ती जमली की समेवर येताना घाई करण्याची सवय आपोआप मोडते, कारण घाईचं घर तेच.

सुरुवातीचा टेम्पोच चुकीचा निवडला असेल तर यातलं काही टिकत नाही. सोळा घरं भरणारं फंक साधारण ९० ते ११० मध्ये मोकळा श्वास घेतं. ९६ ला एका हाताने हॅटवर सगळी घरं भरायची तर सेकंदाला ६.४ ठोके लागतात, १२० ला आठ. तिथे बहुतेक मनगटं आखडतात आणि आखडलेलं मनगट लय ढकलतं. गाणं वेगाचं ठेवायचंच असेल तर दोन्ही हातांनी हॅट वाजवा किंवा फक्त त आणि धि ठेवा. उलट ८० च्या खाली रिकामी घरं इतकी मोठी होतात की ती भरायचा मोह आवरत नाही. आणि मोजणी देताना "वन, टू, थ्री, फोर" एवढंच म्हणू नका, त्यात घरं नसतातच. गाण्यातला सगळ्यात भरगच्च बार आधी मनात म्हणा, त्या लयीत मोजणी द्या, आणि शेवटच्या दोन मात्रांत हॅटवर चारही घरं वाजवा.

फक्त क आणि मि वर ठोके फाटतात

हा प्रकार सगळ्यात उशिरा ओळखला जातो, कारण प्रत्येक जण स्वतःपुरता बिनचूक असतो. अर्ध्या मात्रेत दोन घरं. दोन्ही सारखी असतील तर ५० टक्के, म्हणजे सरळ. पहिलं लांब आणि दुसरं आखूड झालं की स्विंग. तिगुणीपर्यंत गेलं की सुमारे ६६.७ टक्के. १०० बीपीएमला अर्धी मात्रा ३०० मिलिसेकंदांची, तेव्हा ५४ टक्क्यांना घरं १६२ आणि १३८ ची, ५८ ला १७४ आणि १२६ ची, ६२ ला १८६ आणि ११४ ची. आता ड्रमर ५८ वर आहे आणि गिटार ५० वर. त आणि धि एकत्र पडतील, पण प्रत्येक क आणि मि वर २४ मिलिसेकंदांची फट राहील. लय बरोबर, सूर बरोबर, आणि तरी सगळं चिखलात चालल्यासारखं.

फंकमध्ये याला एकच योग्य उत्तर नाही, म्हणूनच भांडण होतं. न्यू ऑर्लीन्सच्या द मीटर्समध्ये ड्रमर झिगाबू मॉडेलिस्टची घरं सरळ आणि स्विंग यांच्या मधोमध कुठेतरी पडतात; ऑकलंडच्या टॉवर ऑफ पॉवरमध्ये डेव्हिड गॅरिबाल्डीचं जाळं बरंच सरळ आणि काटेकोर असतं. ड्रमर पहिल्याचं ऐकून आला आणि गिटारवाला दुसऱ्याचं, की फट पडलीच. लिहिलेल्या स्वरलिपीत हा फरक दिसत नाही.

हॅट आणि गिटार एवढेच दोघं बसा. एक सूर, दाबलेल्या तारा, फक्त त-क-धि-मि. ड्रम मशीनवर हॅटचा साधा पॅटर्न ५० वर ठेवून पाच मिनिटं, मग ५४, मग ५८, मग ६२. गाण्याचा मुख्य तुकडा प्रत्येकावर म्हणून बघा; एका आकड्यावर तो जिभेवर सहज बसतो. तो आकडा गाण्याच्या कागदावर टेम्पोशेजारी लिहून ठेवा. मग बेस आणि शेवटी किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) आणि स्नेअर (काठीने वाजणारा कडक आवाजाचा ड्रम) जोडा. लय वाढवली तर हा आकडा कमी करावा लागतो: १२० ला ६२ टक्के म्हणजे दुसरं घर ९५ मिलिसेकंदांचं, आणि तिथे ते धक्का दिल्यासारखं लागतं.

एकाच ड्रमरच्या दोन हातांतही हा घोळ असू शकतो. उजवा हात हॅटवर सरळ, डाव्या हाताच्या घोस्ट नोट्स (स्नेअरवरचे अगदी हलके ठोके) स्विंगमध्ये. स्नेअर काढून डावा हात मांडीवर वाजवायला लावला की लगेच कळतं.

क्लिकवर आहे, पण निर्जीव

इथे आधी काठीची उंची बघा. घोस्ट नोट स्नेअरपासून दोन-तीन सेंटिमीटरवरून, बॅकबीट (२ आणि ४ वरचा जोराचा ठोका) वीस-पंचवीसवरून. उत्साहात घोस्ट नोट्स सात-आठ सेंटिमीटरवर चढतात, मग २ आणि ४ वेगळे राहत नाहीत आणि कानाला धरायला काही उरत नाही. फोनवरच्या रेकॉर्डिंगमध्ये घोस्ट नोट्स स्वच्छ मोजता येत असतील तर त्या मोठ्या आहेत. त्या जाणवाव्यात, मोजता येऊ नयेत.

बेसमध्ये सूर कधी सुरू होतो याची सगळे काळजी घेतात, कधी संपतो याची फारसं कुणी नाही. १-त वर धरलेला सूर स्नेअर पडते त्याच क्षणी, २-त वर, बंद करून बघा. स्नेअर अचानक मोठा वाटू लागतो, आवाज न वाढवता. डावं बोट तारेवरून उचलायचं नाही, फक्त दाब सोडायचा. पूर्ण उचललं तर तार खणखणते. तोच सूर अर्धं घर लांबला की बार जड होतो, आणि बँड ड्रमरला "जोरात मार" म्हणायला लागतो.

मग समेचं वजन. जेम्स ब्राउन आपल्या बँडकडून पहिल्या मात्रेवर, ज्याला तिथे "द वन" म्हणतात, सगळ्यांनी एकत्र उतरण्याचा आग्रह धरायचा. त्याचा बेसिस्ट बूट्सी कॉलिन्सने तोच धडा पुढे पार्लमेंट-फंकाडेलिकमध्ये नेला. व्यवहारात याचा अर्थ असा की समेवर किक, बेस आणि गिटार एकत्र असतील, आणि नंतरच्या दोन-तीन घरांत किमान दोघं गप्प असतील. समेनंतर सगळेच बोलत राहिले तर सम दिसत नाही. १९६७ च्या "कोल्ड स्वेट"मध्ये ब्राउनचा ड्रमर क्लाइड स्टबलफिल्ड चौथ्या मात्रेचा बॅकबीट अर्ध्या मात्रेने मागे, ४-धि वर टाकतो, तरी कुणी हरवत नाही. असा सरकवलेला बॅकबीट वाजवायचा असेल तर आधी साधा वाजवून समेची पकड पक्की करा, नाहीतर बाकीचे ४-धि लाच चार समजतात आणि पुढचा बार अर्ध्या मात्रेने घसरतो.

"मागे टेकून वाजव" या सल्ल्याने बरेच बँड बिघडले आहेत. स्नेअर हॅटच्या दहा-पंधरा मिलिसेकंद मागे पडला तर ग्रूव्ह ऐसपैस होतो. १०० बीपीएमला ते घराचा दहावा भाग. तीसच्या पुढे गेला की दुहेरी ठोका ऐकू येतो. आणि हॅट, बेस, गिटार सगळेच मागे टेकले तर त्याला मंदावणं म्हणतात. कुणीतरी जागेवर उभं असलं तरच दुसरा मागे असतो. हॅट जागेवर ठेवा, टेकायची मुभा फक्त स्नेअरला द्या.

सगळीच घरं सारखी फाटतात

हवेत आवाज मीटरला सुमारे तीन मिलिसेकंद घेतो. ड्रम्सपासून सहा मीटर लांब उभा असलेला माणूस मॉनिटरशिवाय (वाजवणाऱ्यांकडे तोंड केलेल्या स्पीकरशिवाय) जवळजवळ अठरा मिलिसेकंद जुनं ऐकतो. तीन मीटरच्या आत या किंवा हॅट मॉनिटरमध्ये द्या. कॉम्प्युटरवर ४८ किलोहर्ट्झला २५६ चा बफर (कॉम्प्युटर आवाज साठवून मग पुढे देतो तो तुकडा) एका बाजूला ५.३ मिलिसेकंद खातो, १,०२४ चा २१; वाजवताना १२८ किंवा २५६, मिक्स करताना मोठा. ब्लूटूथ हेडफोनवर वाजवायचंच नाही. वाजवताना ठीक आणि रेकॉर्डिंगमध्येच सगळे ट्रॅक सारखे उशिरा दिसत असतील तर आउटपुटची तार इनपुटमध्ये घालून क्लिक परत रेकॉर्ड करा, जितका फरक येईल तितका सेटिंगमध्ये भरा. क्वांटाइझ (ठोके कॉम्प्युटरने जाळीवर सरकवणं) वापरायचं तर किक आणि समेवर ५०-६० टक्के जोराने. घोस्ट नोट्सना हात लावू नका.

गाणं चालू असताना लय पळालेली लक्षात आली तर

चार बीपीएमच्या आत असेल तर तिथेच स्थिर करा, मागे ओढू नका. ओढलेली लय पळालेल्या लयीपेक्षा जास्त ऐकू येते. त्याहून जास्त असेल तर ड्रमरने हॅटवरची क आणि मि काढून फक्त त आणि धि ठेवावेत, बेसिस्टने सूर लांब धरावेत, गिटारने जादा खरडी बंद कराव्यात, आणि आठ बारमध्ये हळूहळू खाली यावं. गाणाऱ्याची ओळ चालू असताना हे करू नका. वाद्यांचा तुकडा येईपर्यंत थांबा.